नाना बोरसेंचा अंधार

नाना बोरसेंच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं. तिथे काळ्या चिकटपट्टीचं रीळ असायचं, वायरमन वापरतात तसलं. कुठल्याही खोलीत शिरले की ते आधी माणसांकडे बघत नसत, भिंतींकडे बघत. टीव्हीखालचा लाल ठिपका, इन्व्हर्टरचा हिरवा, पाण्याच्या मशीनचा निळा, जो दिसेल त्याच्याजवळ जायचं, दाताने पट्टीचा तुकडा तोडायचा आणि त्याचा डोळा बंद करून टाकायचा. घर कोणाचं, मशीन कोणाचं, हे विचारायची त्यांची पद्धत नव्हती. प्राचार्यांच्या केबिनमधल्या एसीलाही त्यांनी पट्टी मारली होती, आणि एसी चालू आहे की बंद हे न कळल्यामुळे प्राचार्य दोन दिवस घामाघूम होऊन बसले होते, असं कॉलेजात सांगत. ही गोष्ट निघाली की सगळे हसायचे. मला तिच्यात कधी गंमत वाटली नाही.

आधीच सांगून टाकते, मला नाना आवडत नव्हते. ते गेले, फोटोला हार पडला, म्हणून आता आवडायला लागलेत असंही नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. ज्यांना बोलायचं होतं ते धुळ्याला पोटभर बोलले. मी त्यांच्या हाताखाली तीन वर्षं काढली आहेत, तेव्हा मला माझं सांगू द्या.

आमचं काम काय होतं ते थोडक्यात सांगते. शिरपूरच्या पुढे सातपुडा सुरू होतो, तिथे एका टेकडीवर आमच्या कॉलेजची जागा होती. छप्पर सरकणारी एक खोली, आत दुर्बीण. उपग्रह आमचा नव्हता, दूरच्या दुसऱ्याच एका संस्थेने सोडलेला होता. केवढा, तर बुटांची दोन खोकी एकावर एक ठेवावीत एवढा. तो आमच्या डोक्यावरून जाताना उजेडाचे कण एकेक करून खाली सोडायचा आणि आमची दुर्बीण ते झेलायची. उजेडाचा एक कण अर्धा करता येत नाही, त्याची नक्कलही करता येत नाही. मध्येच कोणी तो डोकावून पाहिला तर तो बिघडतो. अशा कणांमधून उपग्रहाकडे आणि आपल्याकडे आकड्यांची एक सारखीच किल्ली तयार होते आणि त्या किल्लीने निरोपाला कुलूप लावता येतं. किल्लीचा थोडा भाग दोन्हीकडचे लोक उघडपणे ताडून बघतात. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त चुका निघाल्या, तर मध्ये कोणीतरी ऐकतंय असं धरायचं आणि सगळी किल्ली फेकून द्यायची. ऐकत असेल असं नव्हे, ऐकतंयच असं धरायचं.

आता एकेक कण मोजणाऱ्या यंत्राला उपग्रहाचा उजेड कोणता आणि शेजारच्या बल्बचा कोणता, हे काय कळणार? म्हणून अंधार. दुसऱ्यांच्या केंद्रावरही अंधार पाळतातच, पण नाना तो सोवळ्यासारखा पाळायचे.

माझी मुलाखतसुद्धा त्यांनी अंधारात घेतली. मी भुसावळजवळच्या दीपनगरची. वडील तिथल्या वीजकेंद्रात होते, माझं सगळं लहानपण कॉलनीत गेलं. पदव्या घेऊन, फाईल सावरून मी शिरपूरला गेले, तर या गृहस्थांनी मला एका बिनखिडकीच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि दहा मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग विचारलं, इथे किती दिवे आहेत. मी म्हटलं, एकही नाही. त्यांनी तीन मोजून दाखवले. कोपऱ्यातल्या राऊटरचा, छतावरच्या धुराच्या घंटीचा आणि तिसरा माझ्या मनगटावरचा. नवीन घड्याळ होतं माझं, नाडी मोजणारं, त्याच्या पट्ट्याखालून हिरवी रेघ बाहेर येत होती.

"सोताना हातमधला उजेड जिले दिसना नही, तिले आभायमां काय दिसी?" एवढं बोलून त्यांनी घड्याळालाच पट्टी मारली आणि सोमवारी कामावर ये म्हणून सांगितलं. घरी जाऊन मी वडिलांना म्हटलं, माणूस कडक आहे पण मोठा आहे. हे मत दुरुस्त करायला मला तीन महिने लागले.

ते मला नावाने हाक मारत नसत. 'ए कॉलनी' म्हणत. माझं नाव वैशाली आहे हे त्यांना हजेरीपत्रकापुरतं माहीत होतं. दुर्बिणीच्या आरशावर धुळीचा एक कण राहिला की सगळा आरसा पुन्हा धुवायला लावायचे. उपग्रहवाल्यांशी व्हिडिओवर बोलताना माझी चूक निघाली तर त्यांच्यासमोर, मराठीतून, म्हणजे त्यांना शब्द कळणार नाहीत पण सूर कळेल अशा बेताने झापायचे. चांगलं काम झालं की काहीच बोलायचे नाहीत. एकदा मी चिडून विचारलं की सर, बरोबर असलं की तसं सांगत का नाही, तर म्हणाले की बरोबर असणं हे काम आहे, त्याची बातमी कशाला द्यायची. डबा एकटे खायचे. खिडकीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून.

एकदा भुसावळला काही कामाने आले होते तेव्हा वडिलांनी त्यांना जेवायला बोलावलं. आईने भरीत केलं होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, सगळं मनापासून. नाना आले, चप्पल काढली आणि सुरू झाले. इन्व्हर्टरला पट्टी, डासांच्या मशीनला पट्टी. वडील हसत होते. मग ते देवघरापाशी गेले. तिथे आईने एक बारकी विजेची पणती लावलेली असायची, दिवसरात्र. तिच्यावरही त्यांनी पट्टी मारली. आई म्हणाली, "नाना, देवाला तरी सोडा." तर म्हणाले, "देवाला अंधारात दिसतं, अक्का. तुम्हाला दिसत नाही म्हणून तुम्ही दिवा लावता." आणि पाटावर बसून दोन भाकरी खाल्ल्या. निघताना वडिलांना म्हणाले, तुम्ही जन्मभर उजेड तयार केला आणि पोरगी तो विझवायच्या नोकरीला लागली, हिशेब फिटला. वडिलांना हे वाक्य फार आवडलं, ते सगळ्या कॉलनीला सांगत फिरले. मी त्या रात्री आईच्या पणतीवरची पट्टी नखाने खरवडून काढली. तिचा गोंद अजून तिथे आहे.

टेकडीच्या पायथ्याला पावरा आदिवासींचा पाडा आहे आणि त्यांची शेतं थेट आमच्या कुंपणापर्यंत येतात. विहिरीच्या पाण्यावर उन्हाळ्याच्या तोंडाला मका घेतात. मक्यावर रानडुकरं पडतात. डुकरं हाकलायला हल्ली बाजारात दिवे मिळतात, दिवसा उन्हावर भरतात आणि रात्रभर लाल-निळे मिचमिचतात. काठीला बांधून बांधावर रोवून ठेवायचे. आमच्या दुर्बिणीला ते म्हणजे डोळ्यात तिखट. नानांनी पहिल्या वर्षी काय करावं? एका संध्याकाळी जाऊन गिनाबाई पावरा नावाच्या बाईच्या शेतातल्या सगळ्या काठ्या उपटल्या आणि जीपमध्ये घालून वर आणल्या. सकाळी पाडा आमच्या फाटकाशी उभा. मला वाटलं, आता हे मार खाणार, आणि खरं सांगते, मला फार वाईट वाटत नव्हतं.

गिनाबाई पुढे आली. चाळिशीची, काटक बाई. नवरा ऊसतोडीला गुजरातेत, शेत तीच बघायची. तिने आरडाओरडा केला नाही. नाना तिला उपग्रह समजावून सांगायला लागले, किल्ली, कण, सगळं, आणि तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमना तारा जाई तवलोंग डुक्कर कोन हाकली?"

नाना म्हणाले, "मी."

आम्हाला वाटलं, वेळ मारून नेली. पण त्या दिवसापासून उपग्रह जायचा असला की नाना तासभर आधी खाली उतरायचे, बांधाबांधाने हिंडून एकेक दिवा हाताने बंद करायचे आणि तेलाचं रिकामं डबडं आणि काठी घेऊन मक्यात बसायचे. उपग्रह डोक्यावर असायचा पाच-सहा मिनिटं. पण आधीचा तास आणि नंतर दिवे पुन्हा लावायचा तास, तेवढा वेळ हे डबडं बडवत असायचे. वर दुर्बिणीपाशी मी एकटी. लोकांना यात त्यांचा मोठेपणा दिसतो. मला तेव्हा लाज वाटायची. केंद्राचा प्रमुख ऐन कामाच्या वेळी दुर्बिणीपाशी नाही, मका राखतोय, हे मी उपग्रहवाल्यांना कधी सांगितलं नाही. मी स्वतः त्या शेतात कधी उतरले नाही. पाड्यातल्या कोणाशी दोन शब्द बोलले नाही. ती माणसं माझ्या दृष्टीने उजेड करणारी माणसं होती, बस्स.

शेतात बसताना नानांकडे एक वही असायची. ही वही नीट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे. कुठेही उजेड दिसला, ट्रॅक्टर, बॅटरी, वीज, काहीही, की त्याच क्षणी घड्याळाची वेळ वहीत लिहायची. अंधारात, पेन्सिलीने, डाव्या हाताच्या अंगठ्याने ओळ धरून. दुसऱ्या दिवशी आधी वही उघडायची. वहीत ज्या वेळा असतील तेवढे सेकंद मोजणीतून काढून टाकायचे, दोघांनी सह्या करायच्या, आणि मगच संगणकावर चुका बघायच्या. उलटं कधीच करायचं नाही. चुका बघून मग वाईट सेकंद वगळायचे म्हणजे नानांच्या मते चोरी. ते म्हणायचे, "दूध नासनं ते साय काढी पेस का?" आणि दुसरं एक वाक्य तर इतक्यांदा ऐकवलं की मला झोपेत ऐकू यायचं: "वहीमां नही ते व्हयनं नही." वहीत नाही तर झालंच नाही.

नंतर आठवून लिहिलेलंही त्यांना चालत नसे. एकदा मी केंद्राच्या दारातून ट्रॅक्टरचा दिवा पाहिला. हात कामात होते, पाच मिनिटांनी लिहिला. नानांनी सकाळी विचारलं, कधी लिहिलंस. मी खरं सांगितलं. त्यांनी ती अख्खी रात्र रद्द केली. मी म्हटलं, सर, ट्रॅक्टर खरंच होता. ते म्हणाले की होता हे मला माहीत आहे, तुझ्या डोक्यात पाच मिनिटांत तो किती सरकला ते माहीत नाही. पुढे आठ दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

तिसऱ्या वर्षाच्या फाल्गुनात गोष्ट टोकाला आली. उपग्रह म्हातारा झाला होता, त्याचा दिवा मंदावत चालला होता. त्याच्या मालकांनी कळवलं की उन्हाळ्याआधी जे केंद्र एक स्वच्छ किल्ली मिळवून दाखवेल त्याला पुढच्या उपग्रहाच्या कामात घेऊ. माझी नेमणूक कराराची होती, मार्चअखेर संपणारी. काम मिळालं असतं तर मी पक्की झाले असते, माझा प्रबंध त्या किल्लीवर उभा राहिला असता. नाही मिळालं तर दोन्ही नाही. वय एकतीस. घरात लग्नाचं बोलणं मी या एका कामाच्या नावावर थोपवून धरलेलं. नानांना हे सगळं माहीत होतं, मी स्वतः सांगितलं होतं.

होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराचा आठवडा होता. खालून दिवसभर ढोल ऐकू यायचे. त्या दिवशी संध्याकाळनंतर पाडा सामसूम झाला, सगळे बाजाराच्या गावी गेलेले. हवा अशी निर्मळ की मी तीन वर्षांत पाहिली नव्हती. साडेदहाच्या सुमाराला उपग्रह आला. दुर्बिणीने त्याला पकडला आणि सोडला नाही. मला आठवतंय, दुर्बिणीच्या मोटारींच्या घरघरीत बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं, मी पडद्याकडे बघत होते आणि कण येत होते, येत होते. काम संपलं. नानांना सांगायला मी बाहेर आले, तर खाली जीप नाही. डबड्याचा आवाज नाही. शेतातले दिवे बंदच. पहाऱ्याला बसताना ते फोन बंद ठेवायचे, तो बंदच लागला. मी रात्रभर एकटी टेकडीवर बसून राहिले, उपाशी.

ते सकाळी दहाला आले. शर्ट चुरगाळलेला, डोळे लाल. मी विचारलं, कुठे होतात. म्हणाले, काम होतं. एवढंच. वही टेबलावर ठेवली. त्या रात्रीच्या पानावर तारीख होती, बसल्याची वेळ होती, खाली काही नव्हतं. कोरं. त्यांनी सही केली, मी सही केली आणि आम्ही चुका बघायला घेतल्या.

सुरुवात स्वच्छ. शेवट स्वच्छ. मध्ये वीस सेकंदांना थोडे कमी, तेवढ्यात यंत्रात उजेड भसकन वाढलेला आणि चुकांचा ढीग. दुर्बीण तेव्हा नेमकी खालच्या शेताच्या बाजूला झुकलेली होती. तेवढे सेकंद काढले तर किल्ली सोन्यासारखी. धरले तर मर्यादेच्या वर, सगळी केरात.

मी म्हटलं, सर, हा उघड बॅटरीचा उजेड आहे, कोणीतरी शेतात बॅटरी लावली. मी कारणाच्या रकान्यात तसं लिहूनही टाकलं. नानांनी ती ओळ खोडली.

"वहीमां शे का?"

"वही कोरी आहे. पण तुम्ही तिथे होतात. तुम्ही सांगा, दिवा लागला की नाही?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहीमां नही ते व्हयनं नही."

मी पुष्कळ बोलले. आकडे दाखवले, चोर ऐकत असेल तर अशी खूण उमटत नाही, हा नुसता भटका उजेड आहे, शेंबड्या पोराला कळेल, असं सगळं. ते म्हणाले, "चोर बी बॅटरी लईसनच येस." मग मी रडले. ते मला आज सांगायलाही आवडत नाही, पण रडले. म्हटलं, सर, माझं सगळं यावर आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला, आणि म्हणाले, "बठ्ठं फेकी दे." सगळंच्या सगळं. मला जमेना तेव्हा त्यांनी स्वतः बसून उपग्रहवाल्यांना पत्र लिहिलं. किल्ली रद्द. कारण, वाढलेल्या चुकांची वहीत नोंद नाही.

पुढच्या प्रत्येक खेपेला हवेत धूळ. वैशाखात उपग्रह मुका झाला. काम दुसऱ्या केंद्राला गेलं. त्याआधीच माझा करार संपला होता. शेवटच्या दिवशी मी सामान बांधत असताना नाना दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हात चांगला आहे तुझा, कॉलनी. घाई करू नकोस." तीन वर्षांत पहिलं कौतुक, आणि तेही कधी, तर सगळं संपल्यावर, मेलेल्याच्या तोंडात घातलेल्या पाण्यासारखं. मी सामान उचललं. जळगावला आले, एका तंत्रनिकेतनात शिकवायला लागले. आजही तिथेच आहे, मुलांना भिंगं आणि आरसे शिकवते. बरं चाललंय. पण कुठे उपग्रहाच्या किल्लीची बातमी आली की मी पेपर उलटा करून ठेवते.

पाच वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या दिल्या. त्याला नियमाचं वेड होतं, माणसाचं काही नव्हतं, असं मी कित्येकांना सांगितलं. माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगितलं.

नाना निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत गेले. हृदयाचं निमित्त झालं. धुळ्याला देवपुरात त्यांच्या घरासमोर मांडव घालून सुतक फिटल्याचा, गंधमुक्तीचा कार्यक्रम होता. मी गेले ती आईने दटावलं म्हणून. पणतीला पट्टी मारून घेतलेली ती बाई, तीच म्हणाली की तू नाही गेलीस तर मी जाईन. माइकवर भाषणं चालली होती. नाना किती तत्त्वाचे, नाना किती सचोटीचे. मी मागे खुर्चीवर बसून मनात एकेकाला उत्तर देत होते.

शेजारी येऊन एक बाई बसली. पायात नव्या चपला, हातात पिशवी. शिरपूरहून एसटीने आली होती. माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, टेकडीवरची पोर का तू? मी ओळखलं नाही. मग तिनेच नाव सांगितलं. गिनाबाई.

मला बोलायचं नव्हतं, पण तिला होतं. तिने साडीचा काठ थोडा वर करून मला पाय दाखवला. घोट्याजवळ एक काळसर डाग होता. म्हणाली, "अठे मले इच्चू चावना. भोंगऱ्यामां. नानानी बॅटरी लाई, पाय दखा, मंग जीपमां टाकी." मी तिला पुन्हा सांगायला लावलं. भोंगऱ्याला सगळा पाडा गेला, ती मका सोडून गेली नाही. नानांसाठी भाकर आणि ठेचा घेऊन ती बांधावरून अनवाणी येत होती, आणि विंचवावर पाय पडला. तिने किंकाळी फोडली. नाना अंधारातच धावत आले. कुठे, काय, साप की विंचू, काही दिसेना. तेव्हा त्यांनी बॅटरी लावली, डंख शोधला, विंचू बघितला आणि बॅटरी विझवली. मग तिला पाठीवर घेऊन जीपपर्यंत नेलं. जीपचे दिवे टेकडी आड होईपर्यंत लावले नाहीत, अंधारातच गाडीवाट धरली. ती म्हणाली, मला वाटलं विंचवाने नाही मेले तर याच्या गाडीने मरते. रात्रभर ते दवाखान्यात तिच्या खाटेशी बसले होते. इकडे दिवे बंद राहिले आणि डुकरांनी अर्धा मका आडवा केला. उरलेला नानांनी पुढे आठ दिवस येऊन राखला.

मी मनात मोजत होते. बॅटरी काढायची, लावायची, पाय धरायचा, डंख शोधायचा, विंचू कुठला ते बघायचं. वीस सेकंदांना थोडे कमी.

घड्याळ बघायला त्यांना उसंत नव्हती, म्हणून वहीत वेळ नाही. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिणार नाहीत, कारण मला कधी लिहू दिलं नव्हतं. इथपर्यंत ठीक आहे, तुमचा नियम तुम्हाला लखलाभ. पण मला सांगायला काय झालं होतं? मी समोर रडत होते. एक वाक्य, की पोरी, उजेड मीच केला, बाई मरत होती. मी किल्ली फेकली असती. शिव्या दिल्या असत्या आणि फेकली असती. कदाचित नसती फेकली. कदाचित वहीत लिहा म्हणून त्यांच्यामागे हट्ट धरला असता, आणि त्यांनी नाही म्हटल्यावर खाली पाड्यात जाऊन त्या बाईला सांगून आले असते, की तुझ्या एका पायापायी माझं सगळं गेलं. मी तेव्हा तशी होते. हे त्यांनी ओळखलं असेल तर त्याचाही मला रागच येतो. पाच वर्षं त्यांनी मला चुकीच्या कारणासाठी त्यांचा द्वेष करू दिला आणि तसेच निघून गेले.

माइकवर कोणीतरी सांगत होतं की नाना आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. गिनाबाईने पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं.

"मी ईचारं व्हतं नानाले, मन्हामुळे तुमनं काही बिघडनं का. नाना म्हने, काहीच नही बिघडनं. खरं शे का ते?"

तिच्या डोळ्यांत पाच वर्षांचा घोर दिसत होता. मी तिच्या पायाकडे पाहिलं, नव्या चपलांकडे पाहिलं. फोटोकडे मुद्दाम पाहिलं नाही.

"खरं शे," मी म्हटलं.